हरलेलीचे पत्ते

"नाही," फुमी म्हणाली. "आज खेळू."

रेनाटाचा हात पैशांऐवजीच्या चिप्स उचलायला निघाला होता, तो तसाच टेबलावर राहिला. तिला वाटलं, म्हातारीने नीट ऐकलं नसेल. म्हणून तिने पुन्हा विचारलं, "उचलू ना?" फुमीने मान हलवली ती आडवी, आणि आपल्या दोन पत्त्यांवर बोटं ठेवून समोर बघत बसली.

हेरॉन क्लबातल्या सकाळच्या पोकर-टेबलाची रीत सगळ्यांना पाठ होती. प्रत्येक डावात पत्ते वाटण्याआधी दोघांनी पैसे मांडायचे, एकाने दोन डॉलर, त्याच्या शेजारच्याने चार. ही पाळी टेबलाभोवती फिरत राहते. बाकी सगळ्यांनी पत्ते टाकून डाव सोडला आणि ते दोघेच उरले तर त्यांनी एकमेकांशी खेळावं, नाहीतर आपापले पैसे उचलून पुढचा डाव घ्यावा. सक्ती कोणाची नाही. पण एकदा ठरलं की ठरलं. चांगले पत्ते आले म्हणून आज खेळतो, वाईट आले म्हणून उद्या उचलतो, असं करणाऱ्याकडे त्या टेबलावर कोणी मिठाची बाटलीसुद्धा सरकवत नसे. रेनाटा किरोगा आणि फुमी नाकागावा सात आणि आठ नंबरच्या खुर्च्यांवर शेजारीशेजारी बसायला लागल्या त्याला एक तप उलटून गेलं होतं, आणि एवढ्या वर्षांत त्यांनी दर वेळी उचललं होतं. रेनाटाला एकदा दोन एक्के आले तरीही तिने उचललं आणि मग ते एक्के फुमीला दाखवले. त्या दुपारी फुमीने तिला पीच भरून भाजलेली पाई खाऊ घातली होती.

आणि आता ही बया म्हणत होती, खेळू.

"एक्के आले वाटतं बाईला," पलीकडून वार्तान म्हणाला. वार्तानने आपलं टायरचं दुकान मुलावर सोपवलं होतं आणि उरलेलं आयुष्य लोकांना टोचून बोलण्यात घालवायचं ठरवलं होतं. "चार डॉलरला मैत्रीण विकली. माझ्या बायकोला सांगतो, ती मला तीनला विकेल."

टेबल हसलं. पत्ते वाटणारी थुई मात्र हसली नाही. तिने रेनाटाकडे पाहिलं आणि लगेच नजर खाली घातली. रेनाटाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने आपले पत्ते न बघताच असे भिरकावले की त्यातला एक घरंगळत फुमीच्या चहाच्या कपाला जाऊन लागला.

"घे," ती म्हणाली. "घे माझे दोन डॉलर. औषधाला होतील."

फुमीने आपले पत्ते दाखवले नाहीत. थुईने ढकललेल्या त्या दोन चिप्स तिने बोटांनी चाचपून आपल्याकडे ओढल्या.

रेनाटाने आपल्या सगळ्या चिप्स पर्समध्ये कोंबल्या, खुर्चीवरची उशी काखोटीला मारली आणि उठून थेट दुसऱ्या टेबलावर जाऊन बसली. हॉलच्या त्या टोकाला एअर कंडिशनरचं पाणी ठिबकायचं आणि तिथे कोणी मनाने बसत नसे. ती बसली.

रेनाटाच्या नाकावर राग असतो हे तिलाही मान्य होतं. शाळेची बस चालवून ती निवृत्त झाली होती. मागे साठ पोरं बोंबलत असताना लाँग बीचच्या रहदारीतून बस हाकायची तर थोडा राग पदरी ठेवावाच लागतो, असं तिचं म्हणणं. नवरा गेला, बस गेली, राग राहिला. पण आजपर्यंत तो राग फुमीवर कधी निघाला नव्हता. फुमीवर रागावणं म्हणजे भिंतीवर अंडं फेकण्यासारखं होतं, भिंतीला काही होत नाही आणि नंतर पुसायचं आपल्यालाच.

त्या दिवशी मात्र ती भिंतीवर डझनभर अंडी फेकायला तयार होती. आणि राग दोन डॉलरचा नव्हता. लोक उगाच दोन डॉलर दोन डॉलर करत होते. गेलं वर्षभर फुमीला पत्ते नीट दिसत नव्हते, हे त्या टेबलावर फक्त रेनाटाला माहीत होतं. डोळ्यांच्या मधोमध एक धूसर डाग होता आणि डॉक्टर म्हणाले होते, तो वाढत जाईल. आपले दोन पत्ते फुमी नाकाशी नेऊन बघायची, त्यात तिचं भागायचं. पण टेबलाच्या मधोमध जे पाच पत्ते उघडे मांडतात, सगळ्यांचे सामाईक, त्यातला बदाम कुठला आणि चौकट कुठली हे तिला उमगेना. काळ्याचं कसंतरी जमायचं, लालाचं नाही. मग ती रेनाटाकडे कलून हळूच विचारायची, "ते लाल काय?" आणि रेनाटा ओठ न हलवता सांगायची, "बदाम."

क्लबचा नियम होता की एका हाताला एकच खेळाडू. दुसऱ्याने सांगायचं नाही, सुचवायचं नाही, भुवईसुद्धा उडवायची नाही. रेनाटाला नियम माहीत होता. तिने तो फुमीसाठी रोज मोडला होता, आणि उद्याही मोडला असता.

एकदा तिने फुमीला समजावलंही होतं. "अगं, शेवटाला पत्ते टाकूच नकोस. उलटून ठेव. उघडे पत्ते थुईने वाचायचे असतात, तिचं कामच ते. तुझे जिंकलेले असले तर ती सांगेल."

"आणि हरलेले असले तर?" फुमी म्हणाली होती. "हरलेले पत्ते मिरवत बसू? रस्त्यावर आंधळीपुढे भिकेचा डबा ठेवतात तसा पुढ्यात एक डबा पण ठेव माझ्या. मी अजून आंधळी झालेली नाही."

हरलेले पत्ते झाकूनच टाकायचे, एवढा मान तिला हवा होता. त्या हॉलमधल्या सगळ्यांनाच हवा असतो. हरणाऱ्याने काय धरून ठेवलं होतं हे कोणी विचारायचं नाही, आणि जिंकणाऱ्याने तर मुळीच नाही. त्याचं कारणही होतं. मागे एकदा वार्तानने मोठा डाव जिंकला आणि समोरच्याने झाकून टाकलेले पत्ते बघायला मागितले, निव्वळ मिजास म्हणून. क्लबचा नियम असा की तिसऱ्याच कोणी मागितले तर टाकलेला हात मेलेलाच राहतो, पण खुद्द जिंकणाऱ्याने मागितले तर तो हात जिवंत होतो. पत्ते उलटले तर त्या माणसाकडे वार्तानपेक्षा सरस हात निघाला, त्याने स्वतःच तो चुकीचा वाचला होता. पैशांचा अख्खा ढीग वार्तानच्या हातून गेला. हॉलमध्ये महिनाभर लोक त्याला "दाखव बघू" अशीच हाक मारत होते. तेव्हापासून जिंकल्यावर तोंड मिटून ढीग ओढायचा, हे शहाणपण सगळ्यांना आलं होतं.

दुपारी रेनाटा घरी न जाता फुमीच्या घरी गेली. भांडायलाच गेली. पिकअप तिने फूटपाथवर अर्धा चढवून लावला.

फुमीच्या घरामागे तिच्या वडिलांच्या रोपवाटिकेतला शेवटचा तुकडा उरला होता, कुंड्यांच्या चार ओळी आणि एक हिरवं जाळं. फुमी पाइप धरून पाणी घालत होती. पाणी कुंडीत कमी आणि वाटेवर जास्त पडत होतं.

"कुठले पत्ते होते?" रेनाटाने दारातूनच विचारलं.

"ये. चहा घेणार?"

"चहा गेला खड्ड्यात. पत्ते कुठले होते ते सांग."

"सत्ती आणि दुर्री," फुमी म्हणाली. "वेगवेगळ्या रंगांची."

त्याहून वाईट दोन पत्ते त्या खेळात मिळत नाहीत. रेनाटाचं तोंड उघडं पडलं. एक्के असते तर ती समजू शकली असती, लोभ माणसाला होतो. सत्ती-दुर्रीवर केसाने गळा कापणारी मैत्रीण म्हणजे काय म्हणायचं?

"म्हणजे नुसती माझी फजिती करायची होती? सगळ्यांसमोर? त्या टायरवाल्यासमोर?"

"हो," फुमी म्हणाली. "सगळ्यांसमोरच करायची होती." तिने पाइप खाली ठेवला. "ओरडू नकोस, शेजारची पोर झोपलीये. गिलने मला सोमवारी आत बोलावलं होतं."

गिल म्हणजे सकाळच्या पाळीचा देखरेख करणारा. टेबलावर वाद झाला की निकाल तो द्यायचा. चाळिशीचा, टाय लावणारा, आणि कोणाचंही वाईट करायची इच्छा नसल्यामुळे कोणाचंच भलं न करणारा माणूस.

"कोणीतरी तक्रार केली," फुमी म्हणाली. "आपण दोघी मिळून खेळतो म्हणून. तू मला पत्ते सांगतेस, मी तुला सोडते, तू मला सोडतेस. दर वेळी उचलतो त्याचाही त्यांनी तोच अर्थ लावला. गिल म्हणाला, पुन्हा दिसलं तर दोघींना बंदी. कायमची."

"कोणी? वार्तानने ना? त्याचं नरडं..."

"वार्तानने नाही. वार्तान तोंडावर बोलतो. पेटीबोनने."

पेटीबोन दोन नंबरच्या खुर्चीवर बसायचा. विम्याच्या कचेरीतून निवृत्त झालेला, रोज सकाळी दोघींना टोपी काढून "गुड मॉर्निंग" म्हणणारा. फुमीच्या वाढदिवसाला त्याने केकही आणला होता. रेनाटाने तो केक खाल्ला होता, दोन तुकडे.

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुला सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?"

रेनाटाने पेटीबोनच्या टोपीत गरम कॉफी ओतली असती हे दोघींनाही ठाऊक होतं.

"आणि मग तुला बाहेर काढलं असतं," फुमी म्हणाली. "माझं काय, मी आज ना उद्या जाणारच आहे. तू अजून दहा वर्षं बसशील तिथे. म्हणून म्हटलं, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत उचलायला नाही म्हणावं. तू चिडशील, टेबल बदलशील. कोणी म्हणायचं नाही मग की या दोघी मिळालेल्या आहेत."

"म्हणजे तू माझ्या रागाचा वापर केलास."

"तुझ्याकडे दुसरं आहे काय वापरायला?"

एरवी रेनाटा यावर हसली असती. आज हसू आलं नाही. तिला इतका राग आला होता की कोणावर काढावा हेच कळेना. गिलवर होता, पेटीबोनवर होता, त्या डॉक्टरवर होता. सगळ्यांत जास्त फुमीवर होता, कारण ती इतक्या शांतपणे स्वतःचाच पत्ता कापून बाजूला होत होती. आपल्याला न विचारता आपल्यासाठी कोणी त्याग केला की तो चोरीसारखाच लागतो.

"उद्यापासून तुला लाल कोण सांगणार?" तिने विचारलं.

"कोणी नाही. चालेल तितके दिवस चालेल."

"आणि मग?"

"मग कुंड्या आहेत," फुमी म्हणाली आणि पुन्हा पाइप उचलला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेनाटा टेबलावर जायच्या आधी गिलसमोर उभी राहिली. ओरडायचं नाही असं ती रस्ताभर स्वतःला बजावत आली होती.

"मोठ्या अक्षरांचे पत्ते आणा," ती म्हणाली. "मिळतात. माझ्या बहिणीच्या वृद्धाश्रमात आहेत."

"मिस रेनाटा, पत्ते बदलायचे म्हणजे वरची परवानगी लागते."

"मग थुईला सांगा, उघडे पत्ते मोठ्याने वाचत जा म्हणावं. त्याला काय परवानगी लागते? तिला तोंड आहे."

"खेळ हळू होतो. लोक तक्रार करतात."

"लोक म्हणजे टोपीवाला."

"मी नावं घेत नाही," गिल म्हणाला. "बघा, मलाही वाईट वाटतं. मी वर विचारतो. पुढच्या महिन्यात बैठक आहे."

"पुढच्या महिन्यात ती उठून गेलेली असेल. क्लबला तेच हवंय ना? बारा वर्षं तिच्याकडून प्रत्येक डावाचं भाडं कापून घेतलंत, तेव्हा ती हळू खेळते असं कोणाला वाटलं नाही."

"मिस रेनाटा, आवाज."

"हा माझा लहान आवाज आहे," रेनाटा म्हणाली.

पण ती वळली. गिलशी भांडणं म्हणजे उशीला बुक्क्या मारणं होतं. ती आपली उशी घेऊन पहिल्या टेबलाकडे गेली. सात नंबरची खुर्ची रिकामी होती. ती बसली. फुमीने मान वळवली नाही, फक्त कप थोडा आपल्या बाजूला ओढला.

"काल घटस्फोट, आज नांदायला परत," वार्तान म्हणाला.

"तू पत्ते बघ. पोट आत घे आणि पत्ते बघ."

"गुड मॉर्निंग, लेडीज," पेटीबोनने टोपी काढली.

रेनाटाने त्याच्याकडे इतका वेळ पाहिलं की त्याने ती टोपी परत घातली.

तासभर दोघी एका शब्दाने बोलल्या नाहीत. गिल मुद्दाम मागे येऊन उभा राहिला होता. उघडे पत्ते पडले की फुमी पुढे झुकायची, डोळे बारीक करायची, आणि मग बहुतेक वेळा पत्ते टाकून द्यायची. दिसत नाही तिथे पैसे कशाला घाला. रेनाटा दात-ओठ खात समोर बघत होती. तिला प्रत्येक लाल पत्ता ओरडून सांगावासा वाटत होता.

मग त्या दोघींची पाळी आली. रेनाटाने दोन डॉलर मांडले, फुमीने चार. थुईने पत्ते वाटले. पहिल्याने टाकले, दुसऱ्याने टाकले, वार्तानने शिवी हासडून टाकले, सगळ्यांनी टाकले. उरल्या दोघी.

फुमी किंचित तिच्याकडे वळली. कालचं सगळं ठरवणं बाजूला ठेवून, गिल मागे उभा असताना, ती हलक्या आवाजात म्हणाली, "उचलू?"

वर्षानुवर्षं हा शब्द रेनाटाच विचारत आली होती. आज तो फुमीने विचारला. रेनाटाला क्षणभर वाटलं, हो म्हणावं, घ्यावेत ते दोन डॉलर, आणि जाऊ दे सगळं जिकडे जायचंय तिकडे. मग तिला त्या कुंड्या आठवल्या आणि पुन्हा संताप आला.

"नाही," ती म्हणाली. "खेळ." आणि तिने पैसे वाढवून आठ केले.

"आई गं," वार्तान म्हणाला आणि त्याने खुर्ची पुढे ओढली.

फुमीने एकदा तिच्याकडे पाहिलं. मग आपले दोन पत्ते नाकाशी नेले, खाली ठेवले आणि तेवढेच पैसे भरले.

रेनाटाकडे इस्पिकची राणी आणि इस्पिकची नव्वी होती. थुईने तीन पत्ते उघडले: चौकट राणी, बदाम नव्वी, बदाम चौकी. रेनाटाच्या दोन जोड्या झाल्या. तिने पैसे लावले, फुमीने भरले. चौथा पत्ता किलवर तिर्री. पुन्हा लावले, पुन्हा भरले. रेनाटा सोडत नव्हती. ती मैत्रिणीशी खेळत नव्हती, ती बसच्या आरशात पोराकडे बघावं तशी फुमीकडे बघत खेळत होती. थुईने शेवटचा पत्ता उलटला. बदाम सत्ती.

फुमी पुढे झुकली. तिचे डोळे त्या सत्तीवर बारीक झाले. मान थोडी रेनाटाकडे कलली, ओठ उघडले, "ते..." इतकंच आलं, आणि तिने तो शब्द गिळला. मागे गिल होता. समोर टोपीवाला होता. आणि उत्तर देणारी तिच्याविरुद्ध खेळत होती.

रेनाटाने आठ डॉलर लावले. फुमीने खूप वेळ घेतला आणि भरले. रेनाटाने आपले पत्ते उलटले.

"राण्या आणि नव्व्या," थुई म्हणाली. "दोन जोड्या."

फुमीने मान डोलावली. आपले दोन पत्ते तिने झाकलेलेच थुईकडे सरकवले. "छान," ती म्हणाली. "तुझं."

थुईचा हात त्या पत्त्यांवर गेला.

"थांब," रेनाटा म्हणाली. "मला तिचे पत्ते बघायचेत."

वार्तानचं तोंड उघडं राहिलं.

"तिने टाकलेत ते," पेटीबोन म्हणाला. "टाकलेला हात मेला. हे बरोबर नाही, गिल. हे पुन्हा तेच चाललंय."

"तेच कसं?" रेनाटा म्हणाली. "मी तिला एक शब्द सांगितला? मी तिच्यावर आधी वाढवले, मग शेवटपर्यंत लावत गेले. मी जिंकले आहे. जिंकणारीने पैसे मोजलेत, तिला बघायचंय. गिल, बोल."

गिलने टायची गाठ चाचपली. त्याला काही बोलायचं नव्हतं हे स्पष्ट दिसत होतं.

"त्याला कशाला विचारता," वार्तान म्हणाला. "मला विचारा. तो नियम मी पदरचे पैसे मोडून शिकलोय, अख्ख्या हॉलला माहीत आहे. जिंकणाऱ्याने मागितले की हात जिवंत. उलट, थुई." तो पेटीबोनकडे वळला. "माझे गेले तेव्हा तूच सगळ्यांत मोठ्याने हसला होतास, म्हाताऱ्या."

गिलने होकारार्थी मान हलवली. थुईने दोन्ही पत्ते उलटले. बदाम राणी आणि बदाम दश्शी.

"पाच बदाम," थुई म्हणाली, मोठ्याने आणि सावकाश, जणू अख्ख्या हॉलला वाचून दाखवत होती. "बदाम राणी, दश्शी, नव्वी, सत्ती, चौकी. एका रंगाचे पाच, दोन जोड्यांच्या वर. हा हात जिंकला." आणि तिने ढीग फुमीकडे ढकलला.

फुमीने चिप्सना हात लावला नाही. तिच्या मानेपासून कानापर्यंत लाली चढत गेली.

"ती सत्ती मला चौकटची वाटली," ती म्हणाली.

झालं. गिलने ऐकलं, पेटीबोनने ऐकलं, ज्यांना नव्हतं ऐकायचं त्यांनीही ऐकलं. वर्षभर जपलेली गोष्ट टेबलावर उघडी पडली, तिच्याच पत्त्यांबरोबर. रेनाटाला हे आधी सुचलं नव्हतं. तिने फक्त नियम पाहिला होता.

"तू मुद्दाम केलंस," फुमी खालच्या आवाजात म्हणाली. रेनाटाने तिला इतकी चिडलेली कधी पाहिली नव्हती. "मला हरूसुद्धा देत नाहीस तू. मला तुझी दया नको होती."

"दया?" रेनाटाचा आवाज चढला. "दया करायची असती तर उचललं असतं. मी तुझ्यावर प्रत्येक पत्त्याला लावले. अंगातलं रक्त आटेपर्यंत लावले. तुझा हात सरस होता म्हणून तू जिंकलीस. दिसत नाही ते तुझ्या डोळ्यांचं झालं, खेळायचं तुझं डोकं कुठे गेलं नाही. मला राग याचा येतो की तू स्वतःच स्वतःला उठवून लावत होतीस, आणि वर मला म्हणत होतीस, ओरडू नकोस."

"लोकांसमोर झालं."

"काल माझंही लोकांसमोरच झालं."

फुमीने चिप्स ओढून रचायला सुरुवात केली. बोटांनी मोजून, एकावर एक.

"दर वेळी मागणार आहेस?" तिने विचारलं.

"दर वेळी. शेवटपर्यंत मी असले तर दर वेळी."

"आणि माझे खरंच हरलेले असले तर?"

"तर तुझी फजिती होईल आणि ढीग माझा."

पुढचा डाव वाटला गेला. थोड्या वेळाने एका डावात शेवटी वार्तान आणि फुमी उरले. वार्तानने आपले पत्ते दाखवले, फुमीने झाकून टाकले. वार्तान ढीग ओढणार तोच त्याला रेनाटा दिसली. ती काहीच बोलली नव्हती. नुसती बघत होती. वार्तानने आर्मेनियनमध्ये काहीतरी लांबलचक म्हटलं, ज्यात कोणाच्यातरी आजीचा उल्लेख असावा.

"दाखव बघू," तो दात काढून घेत असल्यासारखा म्हणाला.

थुईने उलटले. किडुकमिडुक निघालं.

"बघितलंस? हरलीच होती," वार्तान म्हणाला, आणि दोन्ही हातांनी ढीग ओढला.

पेटीबोनने त्या दिवशी कोणाचेही पत्ते मागितले नाहीत. पुढेही कधी मागितले नाहीत. त्याच्याशी खेळताना फुमी दिसेल तेवढ्यावरच खेळायची आणि हरायची तेव्हा हरायची. मोठ्या अक्षरांच्या पत्त्यांची बैठक कधी झाली असेल तर ती वर झाली, खाली कोणाला कळलं नाही. रेनाटा त्या दिवशी बरंच हरून घरी गेली, आणि वाटेत प्रत्येक सिग्नलवर कोणाला ना कोणाला तरी शिव्या देत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा त्यांची पाळी आली आणि सगळ्यांनी पत्ते टाकले. फुमीची बोटं सवयीने आपल्या चार डॉलरकडे गेली, तिथे थांबली आणि मागे आली. रेनाटाने आपले पत्ते उचलून बघितले. सत्ती आणि दुर्री, वेगवेगळ्या रंगांची. शहाण्या माणसाने ती हातातही धरली नसती. तिने दोन डॉलर वर घातले आणि शेवटपर्यंत भरत राहिली, कारण फुमीला डाव खेळायला समोर कोणीतरी हवं होतं, आणि शेवटी तिचे पत्ते बघायला मागणारंही.